आंदणात आलेली गुणाबाई

गुणाबाईला तिच्या लग्नाबद्दल विचारलं, की ती आधी हसायची. मग म्हणायची, "कोन्तं सांगू बाई? मी दोनदा सासरी गेली. पयले गिरजाबाईच्या सासरी, मंग माह्या."

बोलणं थट्टेचं होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं. आमचं कोसंबघाट वैनगंगेच्या काठावर आहे. बाजाराला पोंभुर्ण्याला जायचं, इतर वेळी चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांच्या मागे जंगल. इथले मालगुजार बापूराव यांच्या लग्नात नवरीबरोबर जे आंदण आलं, त्यात पितळेची भांडी होती, एक पलंग होता, एक दुभती गाय होती आणि एक लहान मुलगी होती. ती मुलगी म्हणजे गुणाबाई. नवरी गिरजाबाई तेव्हा स्वतःच पोरसवदा. वरात नदीपलीकडून डोंग्यातून आली. पाणी बघून गाय बिथरली, म्हणून तिचं दावं गुणाबाईच्या हातात दिलं. "माह्याहून गायच जास्त रडली," असं ती सांगायची.

पाठराखीण सगळीकडेच असते. चार दिवस नवरीसोबत राहते आणि माहेरी परत जाते. मालगुजारांच्या घराण्यातली परत जात नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंगाची उरलेली हळद ज्या मुलीला लावतात, ती त्या नवरीची झाली असं धरतात. एका नवरीची हळद एकाच मुलीला. मुलीच्या आईबापाला काय दिलं असं कोणी विचारत नाही, कारण काही दिलेलंच नसतं. आईबापही त्याच घरात राबणारे. त्यांना मान मिळाला, एवढंच म्हणतात.

आंदणातली गाय दोन-तीन वेतांनंतर मेली. पलंगाची नवार बदलली. गुणाबाई तेवढी तशीच राहिली. सडा, पाणी, धान कांडणं, मोहफुलं वाळवणं, गिरजाबाईची बाळंतपणं, सगळं तिच्याकडे. वयात आल्यावर मालकांनी तिचं लग्न आपल्याच सालगड्याशी, मुखरूशी लावून दिलं, म्हणजे दोघांपैकी कोणालाच कुठे जायला नको. तिचं पहिलं मूल जन्मून गेलं, आणि त्याच महिन्यात गिरजाबाईला कमळा झाली. गिरजाबाईला दूध नव्हतं. कमळा गुणाबाईच्या अंगावर वाढली. पुढे गुणाबाईचं आणखी एक मूल गेलं आणि मग बऱ्याच वर्षांनी मनकर्णा झाली. मनी.

माझे पती इथल्या शाळेत मुख्याध्यापक आहेत. आम्ही बौद्ध. घर शाळेला लागून, बौद्धवाड्याच्या तोंडाशी. मनीला घेऊन गुणाबाई पहिल्यांदा आली तेव्हा ती अंगणाबाहेरच उभी राहिली. आमच्या घराचा विटाळ म्हणून नव्हे. कोणाच्याही घरात कामाशिवाय शिरायची तिला सवय नव्हती.

"मास्तरीनबाई, पोट्टी शाळेत बसली तं चालते का?"

"चालतं की. मालक काय म्हणतील?"

"मालक कायले म्हनते? शेन तं मीच उचलतो ना."

मनी माझ्या मुलीच्या वर्गात बसली. दोघींनी एकाच बाकावर जागा धरली ती अजून सोडलेली नाही. गुणाबाई दुपारी मोठ्या घरचं, म्हणजे मालगुजारांकडचं, काम उरकून शाळेच्या खिडकीशी यायची, आत डोकावून बघायची आणि निघून जायची. मुलं ओरडायची, "मने, तुही माय आली, इनिस्पेक्टर!"

गेल्या दिवाळीनंतर कमळाचं लग्न ठरलं. स्थळ कोरपन्याकडचं, कापसाचं मोठं घर. धान खाणाऱ्यांची लेक ज्वारी खाणाऱ्यांत चालली, म्हणून बायका हळहळल्या. सुपारी फुटली त्या दिवशी नवऱ्या मुलाची आत्या बायनाबाई बैठकीतच म्हणाली, "भांडे-पलंग राहू द्या. संग कोन येते ते दाखवा." गिरजाबाईने परसात गोवऱ्या रचणाऱ्या मनीकडे बोट केलं.

त्या दिवशी गुणाबाई आमच्या अंगणाबाहेर थांबली नाही. थेट चुलीपाशी येऊन बसली. मग म्हणाली, "बाई, मनीले मी नाई देत."

पुढे जे काही झालं, ते या एवढ्याच वाक्याने झालं.

तिने ते गिरजाबाईलाही सांगितलं. दोघी स्वयंपाकघरात एकट्या असल्या, की एकमेकींना अगं-तुगं करत. चारचौघांत गिरजाबाई 'बाईसाहेब' असे. गुणाबाईने मला सांगितलं तसंच लिहिते. दोघी तांदूळ निवडत होत्या.

"कमळीसंग मनी जाईल," गिरजाबाई म्हणाली.

"मनी शाळेत जाते."

"तिकडं का शाळा नाई? जाईल तिथल्या शाळेत."

"मी गेली होती का इथल्या शाळेत, गिरजे?"

गिरजाबाईचा हात सुपात थांबला. "तुले का कमी केलं वं मी? एका ताटात नाई जेवलो आपन?"

"जेवलो ना. ताट मीच घासलं."

"तुह्या दुधावर वाढली कमळी. तिले एकटी धाडतं?"

"कमळीसाठी जीव देतो. मनी नाई देत."

गिरजाबाई रडली. गुणाबाईनेच तिला पाणी दिलं आणि उरलेले तांदूळ निवडून ठेवले.

मुखरूला हे कळलं, तेव्हा त्याने बायकोला मारलं नाही. तो मारणारा माणूस नाही. तो नुसता विचारत राहिला, "मालकाले का सांगू? तूच सांग, का सांगू?" त्याच्या आज्याने मालगुजाराच्या आज्याचे बैल हाकले होते. शब्द मोडल्यावर उद्या कोणाच्या अंगणात उभं राहायचं, एवढीच त्याची भीती. दोन दिवसांनी त्याने आपलं घोंगडं उचललं आणि मालकाच्या गोठ्यात राहायला गेला. गावात पहिली फूट पडली ती अशी, एका झोपडीत.

दुसरी खुशालने पाडली. खुशाल आमच्या बौद्धवाड्यातला, चंद्रपूरला कॉलेज करून आलेला मुलगा, मला वहिनी म्हणतो. त्याला सभेत बोलता येतं, आणि कायदा माहीत आहे. त्याने मनीची गोष्ट ऐकली आणि समाजमंदिरापुढे लोक गोळा केले. वेठ बंद करण्याचा कायदा होऊन किती वर्षं झाली, आणि आपल्या गावात अजून माणूस आंदणात देतात. ही गुलामी नाही तर काय? तेव्हा म्हातारी सुगंधाबाई उठून म्हणाली, "आमी मेलेलं ढोर ओढनं सोडलं, तवा बी यायनं गिरनी बंद केली होती. आमी उखळात कांडून खाल्लं. आता बी खाऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र सुगंधाबाईच्या मागे उभ्या असलेल्या पोरांकडे बघत होते. त्यांनी ते दिवस पाहिले नव्हते, आणि त्यांना ते बघायची घाई झाली होती.

गिरणी खरंच बंद झाली. धानाची गिरणी बापूरावांची. गुणाबाईच्या बाजूने जो बोलेल त्याचं धान भरडायचं नाही, असा हुकूम निघाला. मग मोठ्या घरच्या बांधीत कापणीला जायचं नाही, असं आमच्या वाड्याने ठरवलं. काही कुणबी घरं आणि मासेमार ढिवरांची निम्मी वस्तीही त्यात आली. बापूराव म्हणाले, "पोरगी मायच्या मर्जीनं देतात का? घरच्या रीतीनं देतात. आज ही रीत मोडली, तं उद्या म्हनतील बांध्या बी आमच्याच." त्यांच्या बाजूला ज्यांच्या बांध्या होत्या ते गेले, आणि ज्यांच्या नव्हत्या पण पुढे मिळतील अशी आशा होती तेही गेले.

लटारू आणि इसरू हे सख्खे भाऊ. एकत्र शेती, एकच पुंजणं. कापलेल्या धानाचे भारे मळणीपर्यंत रचून ठेवतात, त्याला इकडे पुंजणं म्हणतात. लटारू मालकाकडे राहिला, इसरू खुशालकडे आला. एका दुपारी दोघांनी एकमेकांशी न बोलता ते पुंजणं उकललं आणि दोन रचली, मध्ये वाट सोडून. दोघांच्या बायका एकाच घरातल्या, सख्ख्या बहिणी. त्या विहिरीवर एकमेकींची घागर ओळखत नव्हत्या.

खुशालच्या अर्जावरून तालुक्याचे एक साहेब जीपने आले. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली. दोन्ही बाजूंचे लोक जमले होते. गुणाबाईला समोर उभं केलं.

"मालकाकडून उचल घेतली होती?"

"नाई साहेब."

"बापानं? नवऱ्यानं? धान, कर्ज, काही?"

"काईच नाई."

"मग अडवलंय कोणी? जायचं निघून."

"कुठी जाऊ?"

"माहेरी जा."

"माहेर कसं दिसते, तेच तं याद नाई. नदीच्या तिकडं हाय."

लोक हसले, साहेबही हसले. त्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि निर्णय सांगितला. कर्ज नाही, तर वेठ नाही. हा घरगुती मामला आहे. खुशाल म्हणाला, "साहेब, कर्ज असतं तर फेडून सुटली असती. तिला सुटायला वाटच ठेवलेली नाही." साहेब म्हणाले, "हे तुम्ही भाषणात सांगा." जीप वळली तेव्हा मालकाच्या माणसांनी फटाके लावले. कोणीतरी धूळ उडणाऱ्या वाटेवर दगड मारला. तो कोणालाही लागला नाही. पण गावात हात दगडापर्यंत पोचला तो पहिला दिवस.

त्यानंतर मंडई आली, दिवाळीनंतरची गावजत्रा. आमच्याकडे मंडईला नाटक असतं, आणि त्या दिवशी वैर धरत नाहीत. यंदा एकाच दिवशी दोन मांडव पडले, दोन नाटकं झाली, आणि दोन्हीकडे विनोदी नटांनी पदरचे संवाद घातले. मालकाच्या मांडवात एक जण सासू होऊन म्हणाला, "सूनबाई, भांडे घास." दुसरा डोक्यावर पदर घेऊन म्हणाला, "थांबा सासूबाई, खुशालभाऊले विचारून सांगतो." लोक लोळले. आमच्या मांडवात एकाने गाईचं सोंग घेतलं आणि हंबरून म्हटलं, "मी आंदनात आली, मले निदान चारा भेटते. बाईले का भेटते?" इथेही लोक लोळले. दोन्ही मांडव इतके जवळ होते, की एकीकडचं हसू दुसरीकडे ऐकू जात होतं, आणि दरवेळी ते ऐकून पलीकडचे गप्प होत होते. गुणाबाई कुठल्याच मांडवात नव्हती. ती मोठ्या घरी लग्नाचे पापड वाळवत होती. हो, काम तिने सोडलं नव्हतं. खुशाल चिडायचा. "बाई, आम्ही तुमच्यासाठी भांडून राह्यलो, अन् तुम्ही त्यायचेच पापड लाटता?"

"लगन कमळीचं हाय ना रे," ती म्हणायची. "पापड का मालकाचे?"

मुलांची भांडणंही बदलली. आधी चेंडूवरून व्हायची, आता बापांवरून. मालकाकडच्या घरांतली मुलं वर्गात एका बाजूला बसू लागली. माझ्या ह्यांनी पुन्हा मिसळून बसवलं, तेव्हा चार घरांनी मुलं पाठवणं बंद केलं. मनीला वाटेत कोणी ना कोणी म्हणायचं, "चालली का वं कोरपन्याले? ज्वारी खाय आता." मग वाड्यातली मोठी पोरं काठ्या घेऊन तिला शाळेत सोडायला लागली. मनीच्या घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर आहे. तेवढ्या वाटेवर काठ्या. माझी मुलगी मनीला आणायला जायची, तिचा हात धरून त्या काठ्यांच्या मधून चालायची, आणि तिला त्याची गंमत वाटायची. मला ते बघवत नव्हतं.

लोहाराकडे तेव्हा रांग असायची. हंगामाचे दिवस नव्हते, तरी प्रत्येकाला कुऱ्हाड धारेला लावायची होती. लोहार दोन्हीकडचं काम घेत होता. त्याच्या भात्याजवळ माणसं पाठीला पाठ लावून बसायची.

हळदीच्या दिवशी सकाळी खुशालने मनीला आमच्या घरात आणून बसवलं आणि दाराशी सहा-सात पोरं उभी केली. मालकाची माणसं तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमली होती. मुखरू त्यांच्यात होता. हळद लागायच्या वेळी तो येऊन पोरीला घेऊन जाणार, बाप आहे, कोण अडवतो ते बघू, असं ठरलेलं. आणि आमच्या पोरांनी ठरवलं होतं की अडवायचं. घरात दोन मुली सागरगोटे खेळत होत्या.

तेवढ्यात गुणाबाई आली. नवं लुगडं नेसली होती. तिने मनीची वेणी सोडली आणि पुन्हा घातली. मला म्हणाली, "घट्ट घालत जा बाई. ढिली घातली तं खेळता खेळता सोडते." मी विचारलं, तुम्ही कुठे चाललात? "हळदीले," ती म्हणाली. "मी नाई गेली तं कमळीले कोन लावन?"

पुढचं मी पाहिलं नाही, सोनीबाईने पाहिलं. सोनीबाई बांगड्या विकते, दोन्हीकडे तिला मज्जाव नाही. मांडवात आंदण मांडलेलं होतं, भांडी, कपाट, शिलाई मशीन, वासरासकट गाय. गाईजवळ एक पाट ठेवला होता, रिकामा. कमळाला हळद लावून झाली. बायनाबाईने विचारलं, "पोरगी कुठी हाय?" गिरजाबाईने पाळीकडे माणूस पिटाळला. तेव्हा गुणाबाईने हळदीची वाटी उचलली. सगळ्यांना वाटलं, ती वाटी बाजूला ठेवणार. ती पाटावर जाऊन बसली आणि वाटीतली हळद तिने स्वतःच्या तोंडाला, हातांना, गळ्याला फासली. वाटी पुसून घेतली. काही उरू दिलं नाही.

मग गिरजाबाई ओरडली, "का केलं वं हे! तू माही हायस!"

"होती," गुणाबाई म्हणाली. "आता कमळीची झाली. एका नवरीची हळद दुसऱ्याले लागत नाई ना?"

बापूराव उठले. पण नवऱ्याकडच्या बायका समोर होत्या. लागलेली हळद पुसणं म्हणजे आपल्याच लेकीला अपशकुन. बायनाबाईने गुणाबाईला वरून खालपर्यंत बघितलं आणि हसली. "पोट्टीले शिकवा लागते. ही तं शिकलेली हाय. आमाले चालते." कमळा गुणाबाईच्या गळ्यात पडली आणि दोघींची हळद एकमेकींना लागली. पाळीवरून मुखरू धावत आला, तेव्हा त्याला कळेना की त्याने आता कोणाला न्यायचं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि वऱ्हाड निघालं. बसमध्ये चढण्याआधी खुशालने गुणाबाईला गाठलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. "सारं गाव अंगावर घेतलं आम्ही. अन् तुम्ही आपल्या पायानं चालल्या?"

"मनीसाठी घेतलं ना? मनी इथीच हाय."

"तुम्ही पुन्हा गुलामच झाल्या."

"मी कधी नवती, बाबू?" ती म्हणाली, आणि गाईच्या वासराला आधी चढवा, नाहीतर गाय चढायची नाही, असं ट्रकवाल्याला सांगायला गेली.

मनी रडली नाही. बस दिसेनाशी झाल्यावर तिने मला विचारलं, "कोरपना कोन्त्या दिशेले हाय?" मी पश्चिमेकडे हात केला. ती त्या दिवशी शाळेत बाक सरकवून पश्चिमेच्या खिडकीजवळ बसली. गुणाबाईने तिला आमच्याकडेच ठेवलं होतं.

मला वाटलं होतं की आता शांत होईल. ज्या कारणासाठी गाव फुटलं, ते कारणच निघून गेलं होतं. पण गिरणी उघडली नाही. लटारू आणि इसरूने मधली वाट बुजवली नाही. उलट त्या वाटेवर काटे टाकले. आणि एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. गुणाबाईच्याही नाही. ती गेली, तशी मोठ्या घरातली तिची जागा रिकामी झाली.

आठवडाभराने मुखरू आमच्या दाराशी आला. एकटाच. आजारी माणसासारखा दिसत होता. बाहेरच बसला.

"मास्तरीनबाई, मनीले न्यायले आलो."

"कुठे?"

"मोठ्या घरी. गिरजाबाईनं अंथरून धरलं हाय. पानी देयाले कोनी नाई. मालक म्हनते, मायची जागा पोरीनं घ्यावं."

"मुखरूभाऊ, तिच्या आईनं काय केलं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"तिनं कोरपन्यासाठी केलं," तो म्हणाला. "इथलं कोन करन?" मग खाली बघत म्हणाला, "मी बाप हावो. माहं बी घर रिकामं हाय, बाई."

मनी दारात आली. बापाला बघून ती उंबऱ्यावरच थांबली. माझी मुलगी तिच्या मागे उभी राहून तिचा फ्रॉक धरून होती. मनीने विचारलं, "बाबा, मी शाळेत जाऊन येऊ का मोठ्या घरी?" मुखरू काही बोलण्याआधी वाड्यातली पोरं धावत आली आणि त्यांनी त्याला हाताला धरून उठवलं. मारलं नाही. पण त्याचा दुपट्टा खाली पडला आणि कोणाचा तरी पाय त्यावर पडला. त्याने तो उचलला, झटकला, आणि गेला. संध्याकाळपर्यंत पाळीवर पन्नासेक माणसं होती. निरोप आला: होळीपर्यंत पोरगी बापाच्या हवाली करा. नाही केली, तर आमचे आम्ही नेऊ.

ह्यांनी सांगितलं की कायद्याने बापाचा हक्क आहे, आपण मनीला ठेवून घेऊ शकत नाही. मी खुशालला बोलावून म्हटलं, मनीला माझ्या बहिणीकडे चंद्रपूरला ठेवते. तिथल्या शाळेत घालते. ना मोठ्या घरी, ना इथे. मला वाटलं, त्याला पटेल.

"नाई वहिनी," तो म्हणाला. "पोरगी गावाबाहेर गेली, तर ते म्हनतील आम्ही घाबरलो. मनी इथीच राहील. ती आपली हाय."

तो चांगला मुलगा आहे. त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं नाही.

त्याच्याशेजारी दोन अनोळखी माणसं बसली होती, पायांत चिखलाचे कॅनव्हासचे बूट. जंगलाच्या वाटेने, प्राणहितेच्या पलीकडून आलेली. हिंदीत बोलत होती, मधूनच आपसांत तेलुगूत. त्यातल्या एकाने चहाबद्दल 'बहनजी' म्हणत माझे नीट आभार मानले, आणि मग खुशालला बापूरावांच्या घराला दारं किती, असं विचारलं. परवा मोठ्या घरी पोलिसांची गाडी आली आणि दोन शिपाई तिथेच राहायला ठेवून गेली. लोक दिवसाढवळ्या आपापल्या पुंजण्याजवळ बसून असतात, मांडीवर कुऱ्हाड. मळणी कोणी करत नाही. सारं धान तसंच उभं आहे, वाळून खडखडीत झालेलं.

काल एस.टी.च्या कंडक्टरने गुणाबाईचा निरोप आणला. कोरपन्याहून राजुऱ्याला, राजुऱ्याहून चंद्रपूरला, असा तोंडोतोंडी तो इथवर आला. तिकडे तिला बरं आहे, कापूस वेचून बोटं चिरतात, कमळी सुखात आहे. आणि विचारलं होतं, मनी शाळेत जाते का?

मी हो सांगा म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

उद्या पोंभुर्ण्याचा बाजार आहे. सकाळच्या गाडीने मी दोन्ही मुलींना बाजाराला म्हणून नेणार आहे, आणि तिथून पुढे चंद्रपूरला. खुशालला सांगितलेलं नाही. मुखरूलाही नाही. स्टँडवर एका बाजूला मालकाची माणसं बसलेली असतात, दुसऱ्या बाजूला आपली. दोघांच्याही समोरून चढावं लागेल. मुलींना मी सांगून ठेवलंय, कपड्यांची पिशवी घ्यायची नाही, कोणी हाक मारली तर मागे बघायचं नाही. माझ्या मुलीने विचारलं, "आपल्या माणसांनी हाक मारली तर?"

तरीही बघायचं नाही, असं मी तिला सांगितलं.